विहीर चोरीला जाते तेव्हा

एका शेतकऱ्याची विहीर चोरीला जाते. मोटार नाही, पाइप नाही, अख्खी विहीर. तो पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर तक्रार देतो, कारण त्याच्याजवळ कागद आहेत. सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली, खोदली गेली, तिचे पैसेही उचलले गेले, असं ते कागद सांगतात. शेतात मात्र साधा खड्डासुद्धा नाही. कागद खरे मानायचे तर विहीर कुणीतरी नेलीच असणार! २००७ साली आलेल्या ‘जाऊ तिथे खाऊ’ या चित्रपटातली ही तक्रार. ती घेऊन ठाण्यात शिरणारा माणूस म्हणजे मकरंद अनासपुरे. चेहऱ्यावर काडीचीही चेष्टा नाही. साहेबांवर पूर्ण विश्वास. साहेबांची पंचाईत होते ती नेमकी त्या विश्वासापायी.

तीन वर्षांनी श्याम बेनेगल यांच्या ‘वेल डन अब्बा’ या हिंदी चित्रपटात बोमन इराणींची बावडीही अशीच चोरीला गेली. त्या चित्रपटामागे उर्दू लेखिका जिलानी बानो यांची कथा होती. बानो हैदराबादच्या, आणि १९४८च्या सप्टेंबरपर्यंत बीडसह सगळा मराठवाडा त्याच हैदराबादच्या निजामाचा मुलूख. एकाच जुन्या दफ्तराच्या दोन टोकांना कागदावरच्या विहिरी सापडाव्यात, हे गंमतीचं खरं, पण फारसं नवलाचं नाही.

मराठी चित्रपटातलं खेडं मात्र पडद्यावर बोलत आलं ते मुख्यतः कोल्हापूर, सातारा, पुण्याच्या तोंडून. कारण साधं आहे. चित्रपट काढणारी घरं तिथे होती. बाबुराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. ‘प्रभात’ कोल्हापुरात १९२९ साली उभी राहिली आणि पुढे पुण्याला गेली. तमाशापट बहरले तेव्हा त्यांची भाषाही त्याच पट्ट्यातली राहिली. पाटील मिशीला पीळ देणार तो कोल्हापुरी ठसक्यात, सोंगाड्या खोडी काढणार तीही त्याच वळणाने. मराठवाडा या सगळ्यापासून लांब, १९५६पर्यंत तर वेगळ्या राज्यातच होता. तिथे स्टुडिओ नव्हता. होती ती नाटकं, कॉलेजच्या एकांकिका, जत्रेतले वग आणि औरंगाबादच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. ‘काय करायलास?’ असं मराठवाडी बोलीत विचारणारा नायक पडद्यावर यायला म्हणूनच उशीर झाला.

तो आधी आला रंगमंचावर, आणि आला तो एकटाच. औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ साली ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा पहिला प्रयोग केला. मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. पण वऱ्हाडातली बावन्न माणसं एकटे देशपांडे उभी करायचे. उपरणं डोक्यावर घेतलं की म्हातारी, खांद्यावर टाकलं की पाटील. या एकपात्री प्रयोगाची नोंद गिनीज बुकात झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला मराठवाडी कानाने ऐकायची सवय लागली. पुढे जे आले त्यांच्यासाठी वाट अर्धी तिथेच मळली.

अनासपुरे १९७३ सालच्या जन्माचे. मराठवाड्यातल्या नाटकांतून मुंबईत आलेले, आणि मुंबईत आल्यावर बहुतेकांना जे करावं लागतं ते त्यांनीही केलं. ‘यशवंत’, ‘वास्तव’ या हिंदी चित्रपटांत आणि १९९८च्या ‘सरकारनामा’त लहान कामं, मिळतील ती. किडकिडीत अंगकाठी, बारीक मिशी, आणि बोलण्यात न पुसलेलं गाव. नायकाला लागणारं यातलं काहीच नाही असं तेव्हाचा कुणीही निर्माता म्हणाला असता.

२००४ हे वर्ष मराठी चित्रपटाला दोन कारणांनी लक्षात राहिलं. ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मरगळलेल्या धंद्यात थोडी धुगधुगी आली. त्याच वर्षी डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे गेले. दोन दशकं अशोक सराफ आणि बेर्डे या जोडीने विनोदाचा गाडा ओढला होता. त्यातला एक कायमचा उठून गेला आणि जागा रिकामी झाली. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, संजय नार्वेकर आणि अनासपुरे यांनी आपापल्या परीने ती भरली. यांच्यात अनासपुरे सर्वांत कमी हालचाल करणारे. बाकीचे धावतात, पडतात, ओरडतात. हे उभे राहतात.

२००५च्या ‘कायद्याचं बोला’ने त्यांना नायक केलं. चित्रपट ‘माय कझिन विनी’ या १९९२च्या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेला. तिथे न्यूयॉर्कचा उर्मट, अननुभवी वकील दक्षिणेतल्या गावात खटला लढवायला जातो. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी स्वतः औरंगाबादचे, ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतले. त्यांच्या चित्रपटात प्रवासाची दिशाच उलटली. इथे शहर परकं आणि वकील गावचा. नाव केशव कुंथलगिरीकर. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्याला कुंथलगिरी वेगळी सांगावी लागत नाही, तिथल्या पेढ्यासाठी गाड्या थांबतातच. जैनांचं तीर्थ आणि खव्याच्या भट्ट्या यांसाठी माहीत असलेल्या गावाचं नाव आडनावात घेऊन हा वकील कोर्टात उभा राहतो. काळा कोट अंगात आहे, पण भाषा तीच, बांधावरची. आणि तरीही उलटतपासणी तो जिंकतो. भाषेवर हसायला आलेला प्रेक्षक मध्यंतरानंतर त्या भाषेच्या बाजूने हसू लागतो. या चित्रपटाचं खरं यश हे.

पुढची चार-पाच वर्षं त्यांची होती. ‘गाढवाचं लग्न’, ‘साडे माडे तीन’, ‘दे धक्का’, ‘उलाढाल’, ‘निशाणी डावा अंगठा’, ‘गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा’. ‘साडे माडे तीन’मध्ये ते अशोक सराफ आणि भरत जाधव यांचे भाऊ, किशोरकुमार बंधूंच्या ‘चलती का नाम गाडी’चा हा मराठी अवतार. ‘दे धक्का’ हा ‘लिटल मिस सनशाइन’वरून घेतलेला, पण त्यातलं कुटुंब इतकं इथलं झालं की मूळ चित्रपट पाहिलेल्यांनाही विसर पडावा. लेकीला नाचाच्या स्पर्धेसाठी मुंबईला न्यायचं आहे, गाडी धक्का दिल्याशिवाय सुरू होत नाही, सोबत शिवाजी साटम यांनी केलेला इरसाल म्हातारा. या गोंधळात अनासपुरे बापाच्या भूमिकेत आहेत आणि त्यांच्या वाट्याला विनोदापेक्षा ओझं जास्त आलं आहे. त्यांना विनोदी नट एवढीच पाटी लावणाऱ्यांनी हा चित्रपट परत पाहावा.

त्यांचा विनोद चालतो कसा, हे पाहण्यासारखं आहे. दादा कोंडके भोळेपणाचं सोंग घेऊन द्वयर्थाचा बार उडवायचे, आणि तो उडाल्यावर प्रेक्षकाकडे बघून डोळे मिचकावल्यासारखे हसायचे. अनासपुरेंचा माणूस प्रेक्षकाकडे बघतच नाही. तो समोरच्या साहेबाकडे बघतो. आवाज खालचा, वाक्याचा शेवट सपाट, आणि दोन वाक्यांमध्ये एक लांबलेली थांबणूक, ज्यात साहेब घसरतो. नम्रता हे त्याचं हत्यार. ‘साहेब, तुमीच सांगा’ असं म्हणणाऱ्या माणसाला हाकलता येत नाही आणि उत्तरही देता येत नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात तासभर उभं राहिलं तर हा माणूस भेटतो. सातबाऱ्याचा उतारा हवा असतो, पैसेवारी पन्नासच्या आत का आली नाही ते विचारायचं असतं, रोजगार हमीची हजेरी अडकलेली असते. तो भांडत नाही. विचारत राहतो.

अनासपुरेंच्या गाजलेल्या भूमिका ओळीने मांडल्या तर त्यांच्यासमोर जवळपास दर वेळी एखादं टेबल असतं. कोर्ट, पोलीस ठाणं, पंचायत. रमेश इंगळे उत्रादकरांच्या कादंबरीवरचा, पुरुषोत्तम बेर्डे यांनी केलेला ‘निशाणी डावा अंगठा’ तर सगळाच कागदांचा. प्रौढ साक्षरता अभियान राबवायचं आहे, निरक्षर माणसं साक्षर झाल्याचं दाखवायचं आहे, आणि ते दाखवण्याचं काम जिल्हा परिषदेच्या मास्तरांच्या गळ्यात पडलं आहे. विहीर कागदावर खोदली जाते तशी माणसंही कागदावरच शिकतात. पुढचं ‘नागपूर अधिवेशन’ही सरकारी लवाजम्याभोवतीच फिरतं.

ही परंपरा त्यांनी काढलेली नाही, हे त्यांच्याच ‘गाढवाचं लग्न’वरून कळतं. दादू इंदुरीकरांनी अजरामर केलेला हा वग. त्यातला सावळ्या कुंभार आपल्या गाढवासाठी राजाची मुलगी मागायला निघतो. दरबारात जाऊन साध्या माणसाने साधा प्रश्न विचारायचा आणि सिंहासन हलवायचं, हे वगाचं जुनं काम. तमाशातला सोंगाड्या राजाच्या आणि प्रधानाच्या तोंडावर बोलतो ते त्याला माफ असतं. खेड्यापाड्यांत फिरणारा बहुरूपीही याच घराण्यातला. खाकी कपडे, हातात दंडुका, दारात उभं राहून तो वॉरंट बजावतो आणि मग असे अचाट गुन्हे वाचून दाखवतो की घरधनी पोट धरून हसत पसाभर धान्य घालतो. सरकारची भीती त्या पसाभरात उतरवून घ्यायची, असा तो व्यवहार. अनासपुरेंनी एवढंच केलं की दरबाराच्या जागी तहसील आणली.

आता उणी बाजू. यश मिळालं की मराठी निर्माता त्याची झेरॉक्स काढतो. २०१०च्या आसपास गावची निवडणूक, भ्रष्ट पुढारी, इरसाल कार्यकर्ता आणि मध्ये अनासपुरे, असे चित्रपट एकामागून एक येत राहिले. त्यांतल्या कित्येकांची नावं आज ती पाहिलेल्यांनाही आठवायची नाहीत. थांबणूक तीच, मान तिरकी करणं तेच, फक्त समोर उभं केलेलं टेबल पुठ्ठ्याचं. खरा साहेब नसला की या नटाचा विनोद लंगडा पडतो, हे त्या काळात दिसून आलं. २०११ साली ‘डँबीस’ करून ते दिग्दर्शनात उतरले. त्याआधी २००९ साली त्यांनी नागेश भोसले दिग्दर्शित ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ केला होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा तो चित्रपट. त्यांच्या विनोदी चित्रपटांना जशी गर्दी झाली तशी त्याला झाली नाही. पण पुढच्या घडामोडी पाहता, त्यांच्या कारकिर्दीतला तो महत्त्वाचा टप्पा धरायला हवा.

त्या घडामोडी बीडमध्ये झाल्या. २०१४चा पाऊस हुकला होता आणि २०१५चाही हुकत होता. जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. दर दिवाळीनंतर इथल्या टोळ्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडत गळीत हंगाम काढायचा आणि पाडव्याच्या सुमारास परतायचं, हे पिढ्यांचं वेळापत्रक. पण त्या साली प्यायच्या पाण्याचीही मारामार झाली. चाराछावण्या, टँकर, आणि रोजच्या पेपरात आत्महत्या. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, यावरून कल्पना यावी.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर घरच्यांना सरकारी मदत मिळते ती एक लाख रुपये. पण त्याआधी प्रकरण समितीपुढे जातं आणि ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, याचे कागद लागतात. जमीन सासऱ्याच्या नावावर आणि कर्ज सावकाराचं असेल तर विधवेची फाइल अपात्रच्या ढिगात जायला वेळ लागत नाही. विहिरीच्या तक्रारीवर हसणारा प्रेक्षक इथे हसू शकणार नाही, पण टेबल तेच आहे.

२०१५च्या त्या पावसाळ्यात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे बीडला आले आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांना प्रत्येकी १५ हजार रुपयांचे धनादेश त्यांनी स्वतः दिले. आधी विदर्भात, मग इथे, मग लातूर-उस्मानाबादकडे. लोक पैसे पाठवू लागले तेव्हा सप्टेंबर २०१५मध्ये ‘नाम फाउंडेशन’ उभं राहिलं. धनादेशांपाशी न थांबता नंतर नाले रुंद करणं, गाळ काढणं, बंधारे घालणं अशी कामं सुरू झाली. वैजापूर तालुक्यातलं धोंदलगाव आणि वर्धा जिल्ह्यातलं आमला ही गावं आधी दत्तक घेतली गेली. नटांनी समाजकार्य करावं की नाही यावर तेव्हा बरीच चर्चा झडली. सरकारचं काम नटांनी का करावं, हा प्रश्न रास्तच होता. मात्र तो विचारणाऱ्यांपैकी फार थोडे त्या वर्षी बीडमधल्या पाटोद्याच्या किंवा आष्टीच्या वस्त्यांवर गेले असतील.

२०१६च्या एप्रिलमध्ये ‘रंगा पतंगा’ आला. दिग्दर्शक प्रसाद नामजोशी. विदर्भातला जुम्मन हा मुसलमान शेतकरी, आणि रंगा व पतंगा ही त्याची बैलजोडी. बैल हरवतात. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जुम्मन जातो आणि पुन्हा तेच टेबल. फरक हा की राज्यात २०१५च्या मार्चपासून गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झालेला आहे, आणि मुसलमानाचे बैल हरवले या बातमीचा वास आता वेगळा येतो. टीव्हीचे कॅमेरे गावात शिरतात, बैलांपेक्षा भांडण मोठं होतं. जुम्मनला यातलं काही नको, त्याला पोटच्या पोरांसारखे वाढवलेले बैल हवेत. अनासपुरेंचं हे सर्वांत चांगलं काम. त्यांची नेहमीची थांबणूक इथेही आहे. ‘जाऊ तिथे खाऊ’मध्ये तिच्यानंतर हशा यायचा, इथे हशा येता येता घशात अडकतो.

जुम्मनसोबत बैल शोधत रानोमाळ हिंडणारा मित्र पोपट. ती भूमिका संदीप पाठक यांची, आणि पाठक माजलगावचे, म्हणजे थेट बीड जिल्ह्याचे. सिंदफणेवरच्या धरणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याच्या गावातून निघालेला हा नट बरीच वर्षं मालिका आणि विनोदी कार्यक्रमांतून दिसत होता. चेहरा ओळखीचा, नाव मात्र लोकांना चटकन सांगता यायचं नाही. छोट्या पडद्यावरच्या विनोदी नटाचं हे दुखणं जुनंच आहे. दर आठवड्याला नवं सोंग, त्यामुळे नटापेक्षा सोंगं लक्षात राहतात.

पाठकांना वेगळं उभं केलं ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे ‘वऱ्हाड’. लक्ष्मण देशपांडे २००९ साली गेले. त्यांच्यानंतर ती बावन्न माणसं एकट्याने अंगावर घेणं म्हणजे तुलनेला आमंत्रण. देशपांड्यांचा आवाज कानात असलेला प्रेक्षक पहिल्या रांगेत बसलेला असायचा. पाठकांनी ते धाडस केलं आणि प्रयोग पुन्हा गावोगाव नेला. बीडच्या प्रेक्षकाला यातली एक गोष्ट मनापासून आवडते: वऱ्हाडातली माणसं सादर करणारा माणूस त्याच वऱ्हाडातला आहे.

दुसरी गोष्ट ‘एक हजाराची नोट’. श्रीहरी साठे यांचा हा २०१४चा चित्रपट. गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार आणि शताब्दी पुरस्कार असे दोन मान मिळाले. उषा नाईक यांनी केलेल्या म्हातारीचा मुलगा शेतकरी होता, त्याने जीव दिलेला आहे. निवडणुकीच्या सभेत पुढारी तिच्या हातात हजाराच्या नोटा ठेवतो. शेजारच्या सुदामाला, म्हणजे पाठकांना, घेऊन ती बाजाराला जाते. नोट मोडेना, आणि मोडायला गेल्यावर संशय येतो की ही फाटकी म्हातारी हजाराच्या नोटा आणते कुठून. मग पोलीस ठाणं. सुदामाला विनोदाच्या जागा आहेत, पण त्या भित्र्या माणसाच्या आहेत. म्हातारीला धीर देताना त्याचाच आवाज फाटतो. दोन वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री, त्या नोटा खरोखरच चलनातून गेल्या आणि बँकांच्या दारात अख्खा देश सुदामासारखा उभा राहिला. पुढे ‘ईडक’मध्ये पाठक बोकड घेऊन फिरले, आणि ‘राख’ या चित्रपटात तर त्यांना संवादच नव्हते.

अनासपुरे मधल्या काळात छोट्या पडद्यावर अधूनमधून येत राहिले, बहुधा सूत्रसंचालक म्हणून. पाहुण्यांना बोलतं करण्यात त्यांचा तो ‘तुमीच सांगा’ कामी यायचा. २०२३च्या जानेवारीत सोनी मराठीवर ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’ ही मालिका सुरू झाली. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ घडवणाऱ्या सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांची ही निर्मिती, समोर समीर चौघुले, वनिता खरात, प्रभाकर मोरे, पृथ्वीक प्रताप असा ताज्या दमाचा ताफा. अनासपुरे यात पोस्टमास्तर. मनीऑर्डरी, मोबाइलने पत्रांची सद्दी संपवण्याआधीचा काळ, आणि वरून येणारे हुकूम. इतकी वर्षं खिडकीबाहेर रांगेत उभा राहिलेला माणूस इथे आतल्या खुर्चीवर बसला. गंमत अशी की त्या खुर्चीतही त्याची अवस्था फारशी सुधारली नाही. वरच्या साहेबापुढे तो तसाच मान तिरकी करून उभा राहायचा.

पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये, लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम चालू असताना, त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘राजकारण गेलं मिशीत’ चित्रपटगृहांत लागला.